आठवी ब, रात्री पावणेअकरा

ग्रुपचं नाव पोरांनीच ठेवलं : आठवी ब कडक.
डीपीला शेंगाचटणीचा फोटो.
मी ॲडमिन, म्हणजे फळा पुसणारी.

दिवसा फोन पोरांच्या हातात नसतो.
वेणुगोपाल चिप्पाचा बापाबरोबर कारखान्यावर जातो,
यास्मीन नदाफचा भावाच्या रिक्षात,
शिवलीलाचा तर शेजारणीचाच,
तिची मालिका संपली की मिळतो.
म्हणून माझा वर्ग पावणेअकराला भरतो,
नीलम नगरची गल्ली तापलेल्या पत्र्याखालून
बाजा उचलून बाहेर आलेली असते तेव्हा.

हजेरीची पद्धत सोपी.
दोन निळ्या खुणा : हजर.
दोन करड्या : फोन आहे, पोरगं झोपलं.
एकच खूण : रिचार्ज संपलं,
किंवा काहीतरी झालंय
आणि सकाळी मला चालत जाऊन विचारावं लागणार.

पहिल्या आठवड्यात काय शिकवलं, देव जाणे.
नव्वद गुड मॉर्निंग,
सिद्धेश्वराच्या तळ्यावरचे अकरा सूर्योदय,
कुणीतरी टाकलेला म्हशीचा व्हिडिओ,
त्याखाली "का बे, तुझा भाऊ ना ह्यो?"
मग भांडण. मग दोघे लेफ्ट.
हेडबाईंना मी सांगितलं नाही.

मग वेणूची व्हॉइस नोट आली.
काहीतरी विचारत होता, पण ऐकू येत होता नुसता माग,
खटॅक खट, खटॅक खट,
त्यात कुठंतरी बुडालेला एक "बाई".
मी लिहिलं, प्रश्न राहू दे.
हे एका मिनिटात किती वेळा वाजतं, मोजा सगळ्यांनी.
एकशे चार, एकशे अकरा, कुणाचं नव्वद,
एकाचं तीनशे, तो मोजताना जेवत होता.
शिवलीलाने विचारलं, "बाई, मग खरं कुठलं?"
सरासरीचा धडा अजून चार महिने लांब होता.
मी तो त्याच रात्री घेतला,
पदराने मान पुसत.

समप्रमाणाला गणित घातलं घराघरातलं :
एक हजार विड्यांची मजुरी इतकी,
तर सहा हजारांची किती?
टपाटपा उत्तरं. सहापट. सहापट. अंगठे. टाळ्या.
मी एक चांदणी चिकटवली.

साडेअकराला लिंबाद्री गाजूलच्या नंबरवरून आवाज.
पोराचा नव्हता. बाईचा, तंबाखूच्या धुळीनं खरवडलेला,
मागे सुपातल्या पानांची खसखस.
"छाट मर्चिपोयारा, टीचरम्मा?"

मला तेलुगू येत नाही.
अकरा वर्षं झाली या शाळेत, तरी.
मी नुसतं प्रश्नचिन्ह टाकलं.
अर्धा वर्ग एकदम टाइप करू लागला :
बाई, लिंबाद्रीची आई विचारती, छाट विसरलात काय?
बाई, माल दिला की वाकड्या विड्या बाजूला काढतात.
बाई, काढलेल्या परत पण देत नाहीत.
बाई, पानं कमी पडली की आपल्या पैशानं आणायची.
बाई, मग सहापट कशी होईल?

माझा मेसेज मला पुसता आला असता,
सगळ्यांसाठी. बोट तिथवर गेलंही.
राहू दिला. खाली लिहिलं :
चुकलं माझं. नरसम्माबाई, तुम्हीच सांगा,
हजाराला किती धरायची छाट?

बराच वेळ वर "रेकॉर्डिंग" दिसत राहिलं,
बंद झालं, पुन्हा दिसलं.
शेजारच्या कूलरमधलं पाणी संपून तो कोरडा घरघरू लागला.
यास्मीनची अजून एकच खूण.

मग चार सेकंदांचं हसू आलं,
हसण्यामागे पोराला काहीतरी दटावणं,
आणि लगेच लिंबाद्रीचा मेसेज :

आई म्हणती, वह्या काढा.