दोन मिली

परळच्या दवाखान्यात, लोखंडी टेबलावर
ऑर्लेमच्या ग्लॅडीस मिस्किटांचा कॉली
सताड उघड्या डोळ्यांनी आंधळा पडलाय.
"गोचिड झाले होते, डॉक्टर.
तबेलेवाला म्हणाला, म्हशींना देतो तेच देऊ.
दोनच मिली."

दोनच.
मी केसपेपरवर लिहिते : कॅप्टन, नर, बावीस किलो.
म्हैस भरते साडेचारशे.
पण चूक नुसती वजनाची नाही, बाई.

मातीत एक जिवाणू राहतो,
बुरशीसारखे धागे पसरून.
हे विष त्याचं. कुणाविरुद्ध केलं त्याने,
आपल्याला नीट ठाऊक नाही.
आपण माती खरवडली, त्याला काचेत वाढवलं,
रेणूत जरा फेरफार केला, लेबल डकवलं.

जंताच्या नसेत एक दार असतं.
हे ते उघडतं आणि मिटू देत नाही,
जंत लुळा पडतो.
आपल्यात ते दार नाही;
त्याचं चुलत भावंड आहे, मेंदूत,
आणि मेंदूच्या फाटकावर वॉचमन.
एक प्रथिन. आलेल्या रेणूला
दंडाला धरून माघारी धाडणारं.

या कुळात, मेंढ्या राखणाऱ्या कुणा पणज्यात,
जनुकातली चार अक्षरं गळली.
आता फाटकाशी खुर्ची आहे,
खुर्चीवर कुणी नाही.

हे सगळं मी तिला सांगत नाही.
सांगते : उतारा नाही.
सलाइन, ऊब, डोळ्यांत मलम,
दर दोन तासांनी कूस बदलायची. वाट बघायची.

ती बराच वेळ गप्प.
मग म्हणते, "दूध त्याच्याकडूनच येतं आमच्याकडे."

लेबलवर छापलेलं असतं :
दुभत्या जनावराला देऊ नये.
अक्षर मुंगीएवढं, आणि बाटली
तबेल्यातल्या कोनाड्यात, धुराने काळवंडलेली.

तीन रात्री भिवा शेलारने त्याला वळवलं,
"चला साहेब, आता या कुशीवर,"
जणू आजारी बाप.
चौथ्या दिवशी काही नाही.
सहाव्या दिवशी ग्लॅडीसने वाटी वाजवली,
आणि एक कान हलला.
एकच.

मी तांबड्या शाईने लिहिलं :
हे औषध याला पुन्हा कधीच नाही.
पेन मिटता मिटता विचारलं,
याची पिल्लं?

"चार. वसईला दिली, मेमध्ये."
आणि ती पर्समध्ये फोन शोधू लागली,
रुमाल, जपमाळ, किल्ल्या
एकेक टेबलावर काढून ठेवत,
कॅप्टनच्या पंजाशेजारी.