चार नंबर

ऑक्टोबरात यंत्रानं कळवलं:
हा संगणक पुढच्या आवृत्तीसाठी पात्र नाही.
असंच एक पत्र मलाही आलं होतं, बर्नोच्या ट्राम डेपोतून,
डाव्या डोळ्याच्या तपासणीनंतर.
ते अजून आहे, वीजबिलांच्या फायलीत.

संगणक बोर्झिवोयचा.
सुरू केला की त्याचंच नाव यायचं,
तो गेल्यावरही तीन वर्षं.
मी आपली नावाखाली टिचकी मारून आत जायचे,
दुसऱ्याच्या घरात बूट न काढता शिरावं तशी.
आतली प्रणाली बदलता येते, हे कधी डोक्यातच आलं नाही.
पदरी पडलं, पवित्र झालं.

वाचनालयातला राडोवान म्हणाला, नवा घेऊ नका, आजी.
म्हटलं, आजी नाही. झ्दिस्लावा.
त्यानं तीन पेनड्राइव्ह दिले, रबरबँडनं बांधून.
"फुकट?"
"फुकट. आणि उघडं. कुणालाही आत डोकावून बघता येतं."
आमच्या पिढीला हे वाक्य जरा वेगळं ऐकू येतं.
माझा चेहरा बघून तो घाईनं म्हणाला,
"तुमच्यात नाही हो. त्याच्यात."

मग समजावलं: लगेच बसवू नका, नुसतं चालवून बघा.
बंद केलं की सगळं विसरून जातं.

पहिल्या रात्री उबुंटू.
देखणं, मोकळं,
पण सगळी चिन्हं डाव्या कडेला उभी,
आणि माझा नेमका तोच डोळा अधू.
पंखाही असा घरघरला
जसा चढावर भरलेला डबा.

दुसऱ्या रात्री झोरिन.
हुबेहूब जुन्यासारखं.
परक्या माणसानं बोर्झिवोयचा कोट घालून
दारात उभं राहावं, तसं.
त्याचा काही दोष नाही. कोट छान बसला होता.
मीच उठून दिवे लावले.

तिसऱ्या रात्री मिंट, म्हणजे पुदिना.
खाली एक पट्टी, कोपऱ्यात घड्याळ.
प्रिंटर न सांगता सापडला.
मी आमचं ते अवघड अक्षर टंकून पाहिलं,
र आणि झ एकाच श्वासात म्हणायचं,
ज्याच्यासाठी इथली पोरं महिनोन्महिने जीभ घोळवतात.
उमटलं. टोपीसकट.
तेच अक्षर पुन्हा पुन्हा दाबत
मी दोन ओळी भरून टाकल्या.
कारणं मांडून निवड केली, असं काही म्हणता येणार नाही.

रविवारी बसवायला घेतलं.
इशारा आला: डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल.
आधी त्याचे कप्पे उपसले.
जर्दाळूच्या कलमांच्या नोंदी, झाडागणिक,
कुठलं लागलं, कुठलं वाळलं.
आणि मी दोन वर्षं शोधत होते ती
वॉशिंग मशीनची हमी.
मुदत संपलेली.
"काय रे माणसा," म्हटलं मोठ्यानं.
सगळं उतरवून घेतलं, हमीसुद्धा.

मग त्यानं विचारलं, तुमचं नाव काय?
इतक्या वर्षांत या यंत्रानं मला काही विचारलेलंच नव्हतं.
लिहिलं. सावकाश.

पुढचा रकाना: संगणकाचं नाव.
तिथे मी बोर्झिवोय लिहिलं.
चालेना.
या एका रकान्यात आमचं अक्षर बसत नाही,
फक्त साधी अक्षरं, आकडे, मधली रेघ.
ते अक्षर काढून लिहिता आलं असतं.
पण मग तो कुणीतरी दुसराच झाला असता.

बराच वेळ बोट कळांवर ठेवून बसले.
मग लिहिलं: ट्राम-४.
ओब्र्झानीची गाडी. एकोणीस वर्षं मी चालवली.
शेवटच्या फेरीला तो मागच्या दाराशी उभा राहायचा,
बसायला जागा असली तरी.

पट्टी भरत गेली. चहा निवला.
शेवटी आलं: पेनड्राइव्ह काढा आणि एंटर दाबा.
काढला.
तळहाताला गरम लागला,
पाळी संपताना हँडल लागायचं तसा.