साठपट

बुधवारातल्या दुकानदारानं दोन्ही मांडले काउंटरवर.
मोठा, तीन लेन्सचा, मी नुसता उचलून पाहिला
आणि उजव्या खांद्यानं नाही म्हटलं.
"मग हा घ्या. एकच भिंग, काढायचं नाही, घालायचं नाही.
साठपट झूम. अंधारात मात्र रडतो, आधीच सांगतो."
खरं बोलणाऱ्याकडून घ्यावं, एवढं मला कळतं.

स्पितीला जायला अजून पाच आठवडे.
तोवर सराव म्हणून पर्वती, रोज सकाळी,
कठड्यावर कोपर टेकवून, श्वास अर्धा सोडून.
पहिले चार दिवस सिंहगड आला तो धुरकटच:
लांबचं जवळ ओढलं
की मधली हवाही येते सोबत,
वडगावचा धूर, धायरीची धूळ.

आज आमची गच्ची सापडली.
निळी टाकी, वाळत घातलेल्या कुरडया,
आणि शरयू, पाठमोरी.
टेकडीवरून बघेन म्हणालो होतो,
कुठल्या ते सांगायचं राहिलं.
ती तळजाईकडे तोंड करून
मनापासून हात हलवत होती.

मीही हलवला. तेवढ्यानं चौकट निसटली,
समोर कुणाची तरी डिश अँटेना, मग नुसतं आभाळ.
साठपटीत शोधून माणूस सापडत नाही.
झूम मागे घेतला, पूर्ण मागे,
सगळं सहकारनगर मावेपर्यंत;
मग निळी टाकी,
मग पुन्हा हळूहळू आत.

ती कुरडया उलटत होती.
बटण दाबलं.
फोटो हललाय जरा.