तळ दिसतो म्हणून

वेळणेश्वरच्या रिसॉर्टवर धाकट्या दिराचं लग्न,
आणि जुईली, वय एक वर्ष दहा महिने,
मांडव सोडून निघाली पूलकडे.

तिला वाटलं, निळी फरशीच आहे.
तळ दिसतो ना.
हातात अर्धा चावलेला बुंदीचा लाडू,
पाय काठाबाहेर टाकलासुद्धा.
मी झग्याला धरून मागे ओढली.
लाडू बुडाला.
रडली ती लाडवासाठी.

समुद्र निदान ओरडतो तरी.
हर्णैला आमच्या घरामागे रात्रभर दरडावत असतो,
पोरं आपसूक दोन पावलं मागे राहतात.
हे पाणी गप्प,
हाताची घडी, तोंडावर बोट.

मग शालू गुडघ्यापर्यंत खोचून
पहिल्या पायरीवर बसले, तिला मांडीत घेऊन.
आधी विचारायचं हं. जाऊ का?
"दाऊ?"
थांब.
"दाऊ?"
थांब. हं, आता.

सतरा वेळा.
तिकडे अक्षता आमच्याविना पडल्या,
सासूबाई दोनदा येऊन बघून गेल्या.
अठराव्या वेळी तिनं विचारलं नाही,
पाय उचलून नुसतं वळून पाहिलं माझ्याकडे.

झग्याची मागची गाठ
माझ्या मुठीत होतीच.
घरी आलो, ती झोपली,
मूठ अजून सुटत नाही.