दीड मिलिमीटर

त्सुबामेत, बर्फाने अडलेल्या दुपारी,
चिनात्सु पाचवं भांडं चौथ्यात उतरवते.
बसतं. इतकं नेमकं बसतं
की मग निघतच नाही.

म्हातारा इसोगाई पॉलिशचं चाक थांबवून उठतो,
जोडी उलटी धरून बुडावर थोपटतो.
"हवा कोंडलीय आत, पोरी.
दीड मिलिमीटर सोड तिच्यासाठी."

ती आराखडा खोडते.
कान छाटते,
दांडा काढता-घालता येईलसा करते,
झाकणाची मूठ दाबून सपाट.
पाच भांडी, एका पातेल्याची जागा.

रविवारी आईच्या ओट्याखाली रचून दाखवते.
आई वाकून बघते, हं म्हणते,
आणि सगळ्यात धाकटं उचलून
त्यात उद्याचं सोयाबीन भिजत घालते.
"हे राहू दे वरच. रोज लागतं."