निळा पट्टा

ऑरेगॉनच्या सरकारी रानात एल्डन हॅगेन
अठ्ठावीस वर्षं झाडांच्या पाठीवर रंग ओढायचा.
निळा म्हणजे तोडा,
केशरी म्हणजे राहू द्या.
किती निळा, ते वॉशिंग्टन ठरवायचं.

मग कोर्टात घुबड जिंकलं.
आरागिरणीला कुलूप,
आणि कॉफीच्या दुकानात
त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी,
दोन्ही बाजूंची.

परवा नातीने विचारलं, हे का नाही पाडलं?
बुंध्यावर नव्वद सालातला निळा,
साल फुगून चिरफाळलेला,
त्याच्याच हाताचा.

कागद अडकला असेल कुठेतरी, म्हणाला,
नखाने थोडा खरवडला.
मग जुन्या सवयीने फीत काढून
छातीइतक्या उंचीवर घेर मोजला.

आकडा मोठ्याने नाही सांगितला.
नातीने वही उघडून धरली होती, तरी.