तांदळाचा काटा

शनिवारी सकाळची शाळा सुटली
की आम्ही तिघी कोठीखोलीचं दार लोटून घेतो.
दुपारच्या जेवणाचा तांदूळ मोजायचा काटा तो.
आधी मुतगेकर बाई, चप्पल काढून,
"मंगळसूत्र पण काढू काय गं?"
मग कन्नडच्या हुक्केरी टीचर, श्वास रोखून.
आकडे मी लिहिते, जुन्या हजेरीच्या पाठीमागं.

जूनपासून माझे दोन किलो गेले होते.
याद्या आल्या त्या पंधरवड्यात तीन परत आले.
रात्री अकराला मोबाईलवर मुलांची माहिती भरत
चिवड्याचा डबा कधी संपला, कळलंच नाही.
कुणी रागावलं नाही.
"इरली बिडरी," टीचर म्हणाल्या,
"उद्या पहाटे गडाच्या चढाला या, मुकाट."

येळ्ळूरच्या त्या चढावर फार बोलत नाही आम्ही.
अर्ध्यात एक दगड आहे.
तिथं बसून टीचर नवं परिपत्रक मराठीत सांगतात,
एकच बाटली तिघींत फिरते.

काल बदलीची यादी लागली.
मुतगेकर बाई, खानापूरच्याही पलीकडं, रानात.
आज त्या काट्यावर चढल्या. चार किलो कमी.
टाळीसाठी उचललेले हात
तसेच राहिले.
"तिथं पण काटा असंलच की," बाई म्हणाल्या,
"तांदूळ तर सगळीकडं येतोय."